बीचवर चालणाऱ्या एटीव्हीचं (जाड टायरच्या चारचाकी बाईकचं) इंजिन ऑइल घरीच बदलायचं तर

नागाव, काशीद, तारकर्ली, गाडी कुठल्याही बीचवर फिरत असू दे, ऑइल बदलायचा हिशोब किलोमीटरवर धरू नका, तासांवर धरा. पुळणीत गाडी फुल रेस देऊन कशीबशी पुढे सरकते, किलोमीटर पडतात थोडे आणि इंजिन मात्र तापून निघतं. मॅन्युअलमधले तास भरायच्या थोडं आधीच बदललेलं बरं. नवी गाडी असेल तर पहिलं ऑइल लवकर काढायला सांगतात ते टाळू नका, नव्या पार्टांची घासलेली पूड त्यातच असते.

आता खरं काम, जे बरेच जण करतच नाहीत. इंजिन थंड असताना खालून ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) आजूबाजूला आणि वर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) तोंडाशी गोडं पाणी आणि जुना ब्रश घेऊन सगळी वाळू, खार काढा, मग फडक्याने कोरडं करा. प्रेशर पंप सीलवर मारू नका, पाणी आत जातं. डिपस्टिक फिरवताना चिमूटभर वाळू जरी आत पडली तरी तुम्ही महागातलं ऑइल ओतून त्यात पॉलिश पेपर टाकल्यासारखंच आहे.

मग गाडी सपाट सिमेंटवर घ्या, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं, फार तापवू नका, हात भाजेल. खाली डबा ठेवा, डिपस्टिक सैल करा आणि गोटी पान्याने बोल्ट काढा. बऱ्याच लहान गाड्यांत बोल्टच्या मागे स्प्रिंग आणि जाळी असते, ती टपकन डब्यात पडते, शोधून पेट्रोलने धुवा. बारीक सामान करवंटीत ठेवलं की हरवत नाही. वेगळा फिल्टर असेल तर तोही बदला.

निघालेलं ऑइल बघा. काळं असेल तर काळजी नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि ते खारं असलं तर बेअरिंगला गंज धरायला वेळ लागत नाही, म्हणून साधं ऑइल भरून थोडा वेळ चालवून परत काढा, स्वच्छ येईपर्यंत, आणि एअर फिल्टरचा डबा, ब्रीदर पाईप (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तपासा, पाणी बहुतेक तिथूनच येतं.

बोल्टला नवीन वॉशर लावा, आधी हाताने फिरवा. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, जोर लावलात तर आटे गेलेच समजा. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच घ्या, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मॅन्युअलप्रमाणे, पुष्कळ गाड्यांना १०डब्ल्यू-४० चालतं. ११०-१२५ सीसीला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं, पण आधी थोडं कमी ओता, मिनिटभर चालू करून बंद करा, जरा थांबून डिपस्टिक बघा आणि मग भर घाला. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. जास्त झालं तर फेस येतो आणि ऑइल एअर फिल्टरपर्यंत चढतं.

जुनं ऑइल माडाच्या मुळाशी नको, कुंपणाच्या खुंटांना वाळवीसाठी फासायची सवयही सोडा, विहीर जवळच असते. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. पहिल्या फेरीनंतर बोल्टखाली बोट फिरवून ओल आहे का बघा, आणि मडगार्डच्या आत मार्करने आवरमीटरचे (इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरचे) तास लिहून ठेवा.