एडिंबऱ्याहून एका दिवसात समुद्रकिनारा

सोलापूरहून लेकीकडे वा मुलाकडे एडिंबऱ्याला जाणाऱ्यांनी किनाऱ्याची पहिली सहल नॉर्थ बेरिकला काढावी. वेव्हर्ली स्थानकातून रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते आणि समोरच्या बास रॉकवर उन्हाळ्यात गॅनेट पक्ष्यांची एवढी दाटी असते की अख्खा कातळ पांढरा दिसतो. सेंट अँड्र्यूज या किनाऱ्यावरच्या गावाला रेल्वे स्थानक नाही, म्हणून तेथे जायचे तर जवळच्या ल्यूकर्स स्थानकावर उतरून बस धरावी. क्रॅमंड बेटाकडे मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, कारण तेथील पायवाट पूर्ण ओहोटीच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तासच सुरक्षित असते व पाणी चढले की माणूस बेटावरच अडकतो. जूनमध्येही वारा अडवणारे जाकीट हवेच; आपल्या उन्हाळ्याचा हिशेब तेथे चालत नाही. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, फक्त ती सीगल पक्ष्यांपासून सांभाळावी.