पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप कशी बसवून घ्यावी आणि तिची नोंद कशी राखावी

मायक्रोचिप बसवली की हरवलेला कुत्रा नेमका कुठे आहे हे मोबाइलवर दिसू लागेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती आधीच दूर केलेली बरी, कारण चिपमध्ये बॅटरी नसते, उपग्रहाशी तिचा काही संबंध नसतो आणि मालकाचे नाव, पत्ता किंवा फोन क्रमांकही तिच्यात साठवलेला नसतो. तिच्यात असतो तो केवळ एक क्रमांक. कुत्रा कोणाला तरी सापडला, त्याच्या अंगावरून कोणी तरी स्कॅनर फिरवला आणि मिळालेला क्रमांक मालकांची माहिती ठेवणाऱ्या चिप-नोंदवहीत सापडला, तरच तो घरी परत येण्याची शक्यता निर्माण होते. यातील पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या हातात नसतात. तिसरी मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात असते, आणि हयगय होते ती नेमकी तिथेच.

चिप म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी, तांदळाच्या दाण्यासारखी दिसणारी काचेची कुपी. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक सूक्ष्म परिपथ असतो. स्कॅनर जवळ आला की त्याच्या रेडिओ लहरींमुळे वेटोळ्यात क्षणभर वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप आपला क्रमांक परत पाठवते. एरवी ती निपचित पडून असते, त्यामुळे संपण्यासारखे तिच्यात काही नसते आणि ती सहसा कुत्र्याच्या आयुष्यभर पुरते.

चिप घेताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आहे ना, एवढे विचारून घ्यावे. अशी चिप १३४.२ किलोहर्ट्‌झवर वाचली जाते आणि तिचा क्रमांक १५ अंकी असतो, ज्यातील पहिले तीन अंक देशाचे किंवा उत्पादकाचे असतात. १२५ किंवा १२८ किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या जुन्या चिपा प्रत्येक स्कॅनरला वाचता येत नाहीत, म्हणून नव्याने चिप बसवताना त्या घेऊ नयेत.

सुई हातात घेण्यापूर्वी पशुवैद्याने कुत्र्याला एकदा स्कॅन करून पाहिले पाहिजे. दत्तक घेतलेल्या किंवा वाटेत सापडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर ही पायरी मुळीच गाळू नये, कारण त्याच्या अंगात आधीच चिप असू शकते आणि त्याचा शोध घेणारे कोणी असू शकते. जुनी चिप नीट वाचली जात असेल आणि कुत्रा रीतसर आपल्याकडे आलेला असेल, तर दुसरी बसवण्याऐवजी जुनीच नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. काही कारणाने दुसरी बसवावीच लागली, तर दोन्ही क्रमांकांची नोंद चालू ठेवावी. स्कॅनरला आधी कोणता सापडेल हे सांगता येत नाही.

पिल्लू लसीकरणासाठी नेले जाते तेव्हाच हे काम उरकणे सोयीचे असते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून आठ आठवड्यांवरील कुत्र्यांना चिप सक्तीची आहे, म्हणजे इतक्या लहान वयातही ती बसवता येते. कुत्र्याला परदेशी न्यायचे असेल, तर क्रम फार सांभाळावा लागतो. उदाहरणार्थ, युरोपीय संघात प्रवेशासाठी रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी दिलेली असावी लागते. चिपेआधी दिलेली लस कोणत्या कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नसल्याने ती धरली जात नाही.

प्रत्यक्ष क्रिया काही सेकंदांची असते. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलून तिच्याखाली चिप सोडली जाते. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, तरी भूल देण्याची गरज सहसा पडत नाही. तरीही कुत्रा फारच घाबरट असेल, तर नसबंदीसाठी भूल दिलेली असतानाच चिप बसवून घेता येते. सुई काढल्यावर ती जागा क्षणभर चिमटीत धरतात, नाही तर चिप त्याच छिद्रातून बाहेर येऊ शकते. लगेच पुन्हा स्कॅन करून दिसणारा क्रमांक वेष्टनावरील क्रमांकाशी अंक न् अंक ताडून घ्यावा आणि क्रमांकाची चिकटपट्टी लसीकरणाच्या पुस्तिकेत लावून घ्यावी. रक्ताचा एखादा थेंब आला तर काळजीचे कारण नाही. मात्र सूज टिकून राहिली किंवा पू दिसला, तर पुन्हा दाखवावे. चिपेच्या जागी गाठ झाल्याची कुत्र्यांमधील उदाहरणे मोजकीच आहेत.

यापुढचे काम कंटाळवाणे असले, तरी खरे महत्त्व त्यालाच आहे. चिप बसवणे आणि तिची नोंदणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखाना नोंदणी करून देणार की आपणच करायची, ती कोणत्या नोंदवहीत होणार, हे तिथेच स्पष्ट विचारावे आणि घरी आल्यावर आपला क्रमांक टाकून नोंद खरोखर दिसते का, हे स्वतः पाहावे. आपल्याखेरीज दुसऱ्या घरातील एखाद्या विश्वासू व्यक्तीचा फोन क्रमांकही द्यावा. अमेरिकेतील ५३ प्राणी-निवाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिप असलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी ५२ टक्के कुत्रे मालकाकडे परतले. एकूण भटक्या कुत्र्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र चिप असूनही जे मालक सापडले नाहीत, त्यांच्या बाबतीत सर्वाधिक आढळलेले कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला फोन क्रमांक. म्हणून फोन किंवा घर बदलले की त्याच आठवड्यात नोंद बदलून घ्यावी.

वर्षातून एकदा, लसीच्या वेळी, चिप वाचून घ्यावी. ती कातडीखाली सरकून खांद्यावर, छातीकडे किंवा कोपरापर्यंत गेलेली असू शकते, म्हणून स्कॅनर अंगालगत, सावकाश आणि नागमोडी फिरवून या सर्व जागा तपासायला सांगावे. धातूचा पट्टा त्या वेळी काढून ठेवावा, कारण त्याने वाचनात अडथळा येतो. एरवी मात्र फोन क्रमांक लिहिलेला पट्टा गळ्यात असू द्यावा. शेजारच्या गल्लीत कुत्रा सापडलेल्या माणसाकडे स्कॅनर नसतो.

कुत्रा हरवलाच, तर नोंदवहीत तो हरवल्याची खूण लगेच करावी आणि जवळच्या दवाखान्यांना व निवाऱ्यांना चिप क्रमांक कळवावा. कुत्रा दुसऱ्या कोणाला देताना केवळ पुस्तिका हातात देऊन भागत नाही. नोंदीवरील मालकाचे नावही बदलावे लागते, नाही तर तो पुढे कुठे सापडला, तरी फोन जुन्याच मालकाला जातो.