मंदीच्या दिवसांत नागपुरातील कामगारांच्या पाठीशी कसे उभे राहावे

गेली बावीस वर्षे मी इतवारी आणि गांधीबागेतील लहान दुकानांचे, तसेच हिंगणा एमआयडीसीतील दोन कारखान्यांचे हिशेब लिहीत आहे. मंदी मला वर्तमानपत्रात नंतर दिसते, खातेवहीत आधी दिसते. विक्री एकदम कोसळत नाही, आधी येणी लांबतात. पंधरा दिवसांत येणारी रक्कम महिन्याने येऊ लागते, महिन्याची तीन महिन्यांनी येते, आणि या साखळीच्या अगदी शेवटी उभ्या असलेल्या कारागिराला, हमालाला, ठेकेदाराकडच्या मजुराला ‘बाकी सोमवारी देतो’ हे वाक्य ऐकावे लागते. नोकरी जाण्याच्या कितीतरी आधी मजुरी रखडते. म्हणून ज्याला खरोखर मदत करायची आहे, त्याने देणगीचा विचार करण्यापूर्वी आपल्याकडून कोणाचे काय देणे आहे, ते तपासावे.

आधी स्वतःची उधारी मिटवावी

एका शनिवारी संध्याकाळी मी गांधीबागेतील एका टेलरकडे हिशेबाला बसलो होतो. आत तीन कारागीर पीसवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर काम करणारे. मालकाने गल्ला उघडला, नोटा दोनदा मोजल्या. तिघांची आठवड्याची मजुरी साडेसात हजार होत होती आणि गल्ल्यात चार हजार दोनशे होते. त्याच वेळी मागच्या दांडीवर शिवून, इस्त्री करून ठेवलेले अकरा कपडे लटकत होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टोचलेली. त्यांपैकी एकाचेही बिल सातशेच्या वर नव्हते, पण सगळी बिले चुकती झाली असती तर त्या संध्याकाळची मजुरी निघून वर थोडे उरले असते. सर्वांत धाकट्या कारागिराने हातात आलेले चौदाशे रुपये घडी करून खिशात ठेवले आणि काज-बटणाची डबी आवरत एवढेच विचारले, “सोमवारी सकाळी की संध्याकाळी?”

त्या अकरा जणांपैकी कोणीही वाईट मनुष्य नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. पाचशे रुपयांनी कोणाचे काय अडते, असे प्रत्येकाला वाटले असेल. म्हणून आज रात्रीच एका कागदावर यादी करावी: शिंपी, प्रेसवाला, दूधवाला, पेपरवाला, गाडी दुरुस्त करणारा, कोपऱ्यावरचा वाणी. ज्याच्याकडे रोजंदारीची किंवा पीसवरची माणसे आहेत, त्याचे पैसे सर्वांत आधी द्यावेत, आणि ‘जमेल तेव्हा घेऊन जाऊ’ म्हणून टाकून ठेवलेली वस्तू जाऊन सोडवून आणावी.

पुढचे काम आता काढावे

मंदीत माणसाला पैशांइतकेच काम हवे असते. जे काम आपण सहा महिन्यांनी करणारच आहोत, ते आता काढले तर आपला खर्च वाढत नाही आणि समोरच्याचा रिकामा आठवडा भरतो. नागपुरात याचे सोपे उदाहरण कूलरचे आहे. एप्रिलमध्ये कूलरवाल्याला उसंत नसते आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच्या हाताखालची पोरे बसून असतात. ताट्या बदलणे, पंप तपासणे, टाकीला आतून रंग मारणे ही कामे थंडीत करून घेता येतात. घराची डागडुजी, गाद्या पिंजणे, खुर्च्यांची वेत विणून घेणे, सायकलींची दुरुस्ती यांनाही मुहूर्त लागत नाही.

कापड घेताना शहराच्या पूर्व भागातील हातमाग आणि यंत्रमागाचा विचार अवश्य करावा. कोष्टी विणकरांचा हा व्यवसाय नागपूरच्या जुन्या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि थेट विणकराकडून घेतलेल्या साडीची किंमत मधल्या हातांत कमी विभागली जाते.

ठिय्यावरून, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून माणूस आणताना भाव आधी ठरवावा, काम संपल्यावर नव्हे. मंदीत सकाळी दहानंतरही ठिय्यावर माणसे उभी असतात आणि त्या वेळी कमी रोजीतही कोणी तयार होतो. त्याच्या अडचणीचा तसा फायदा घेऊ नये. काम संध्याकाळी पाचला संपले असेल तर पैसे पाचलाच द्यावेत, कारण त्याच पैशांतून त्याला वाटेत पीठ-तेल घ्यायचे असते. बांधकामावरील मजुराने वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. आपल्याकडे जितके दिवस काम झाले, त्याचा लेखी दाखला मागितल्यास आढेवेढे न घेता द्यावा.

घरकाम करणाऱ्या बाईंबाबत एकच सांगतो. खर्च कमी करायचाच असेल तर त्यांना निदान महिनाभर आधी सांगावे आणि दुसरे घर मिळवून देण्यासाठी आपणच शेजारी शब्द टाकावा.

लहान दुकानदार असाल तर

माणूस कमी करण्यापूर्वी सर्वांना बसवून वही उघडी करावी. मी पाहिलेल्या दुकानांत ज्यांनी हे केले, तिथे दोन माणसे काढण्याऐवजी सहा जणांनी आठवड्यातील एकेक दिवस सोडणे आपण होऊन मान्य केले. मात्र मालकाने स्वतःची उचल तशीच ठेवून नोकरांना त्याग शिकवू नये. ते नोकरांच्या लगेच लक्षात येते. मजुरी अर्धी देणार असाल तर अर्धी, पण ठरलेल्या दिवशी द्या, आणि उरलेली कधी देणार ती तारीख लिहून द्या.

आपलेच पैसे मोठ्या कंपनीकडे अडकले असतील तर संकोच सोडावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते व्हायला हवे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकराच्या २०२४-२५ या आकारणी वर्षापासून असे थकवलेले देणे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चअखेरीस केलेला तगादा बहुधा वाया जात नाही. यासाठी लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवलेली असावी. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही.

हातगाडी किंवा पथारी लावणाऱ्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी ही कर्ज योजना आहे. हप्ते वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के अनुदान मिळते. अर्ज भरायला मोबाइल आणि आधार जोडलेले लागते, आणि नेमके तिथेच अनेकांचे अडते. आपल्या रोजच्या भाजीवाल्या मावशींच्या शेजारी अर्धा तास बसून तो अर्ज भरून देणे हे कोणत्याही शिकलेल्या माणसाला जमण्यासारखे आहे.

मोठ्या कंपनीत असाल तर

मोठ्या उद्योगाचे दुखणे त्याच्या फाटकाशी थांबत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल ज्यांनी चालू पाहिली, त्यांना तिच्या भोंग्यावर कितीतरी खानावळी आणि चहाच्या टपऱ्या चालत होत्या हे आठवत असेल. आज बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानच्या आसपास तेच आहे. म्हणून आपण अशा ठिकाणी खरेदी किंवा हिशेब विभागात असाल तर टेबलावर पडलेले लहान पुरवठादाराचे बिल पुढे सरकवणे, हे आपल्या हातातील सर्वांत मोठे काम आहे.

दुसरे, ठेका मजुरांकडे लक्ष ठेवावे. कपात होते तेव्हा पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीत काम चालते तिच्यावर येते. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) भरण्याची चलने पाहावीत, आणि त्यात प्रत्यक्ष कामावर असलेल्यांची नावे आहेत का, तेही ताडून पाहावे.

शेजाऱ्याची नोकरी गेली असेल तर

सहानुभूतीचे दोन शब्द बोलून त्याच्यासोबत कागदपत्रांना बसावे. पहिली गोष्ट: घाईघाईत पुढे केलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. वर्षभराची सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनामा लिहून दिला की हा हक्कच उरत नाही. कायम कामगाराची पाच वर्षे सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. ती प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे मोजतात.

ईएसआयचा कामगार नोकरी सुटताच उपचाराला मुकला, असा गैरसमज सर्रास आढळतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील अंशदानाचे लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये मिळतात, त्यामुळे सोमवारीपेठेतील कामगार विमा रुग्णालयात आपले कार्ड चालते का, हे विचारल्याशिवाय खाजगी दवाखान्यात कर्ज काढू नये. बेरोजगारीच्या काळातील अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेचीही ईएसआयच्या शाखा कार्यालयात चौकशी करावी.

भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नाव, जन्मतारीख आणि बँक खाते आधारशी जुळते आहे का, हे कंपनीचे कार्यालय उघडे आहे तोवर तपासावे, कारण दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागू शकते आणि कुलूप लागलेल्या फाटकावर ती मिळत नाही. नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली गेली का, तेही त्याच वेळी पाहावे. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, हजेरीकार्ड, नेमणुकीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच त्याच्या घरी आणि दुसरा आपल्याकडे ठेवावा. कामगार कार्यालयात तो पहिल्यांदा जाईल, त्या दिवशी शक्य असेल तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याच्यासोबत जावे.