टोमॅटोच्या पानावरील लव: तिची आनुवंशिकता मळ्यात कशी तपासावी

नाशिकजवळच्या गिरणारे परिसरात टोमॅटोचे फुटवे काढणाऱ्या बायकांचे हात दुपारपर्यंत हिरवट-काळे पडतात आणि धुताना पाणी पिवळे निघते. ही करामत देठांवरच्या ग्रंथीयुक्त केसांची असते. ही लव वाणागणिक कमीजास्त असते, आणि हा फरक बियाण्यातून आला की हवापाण्यातून, हे आपल्या मळ्यातच तपासता येते.

आधी केस ओळखावेत. कोवळा देठ उजेडासमोर धरून १० पट भिंगातून पाहिल्यास लांब टोकदार केसांच्या दाटीत आखूड, चकचकीत डोक्याचे केस दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या डोक्यात चार पेशी दिसतात. शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या केसांचे क्रमांक देऊन प्रकार पाडले आहेत, त्यांतला हा सहावा प्रकार. मोजणी प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र ठेवावी, आणि सर्व रोपांवर शेंड्याकडून एकाच क्रमांकाचे पान घ्यावे. पहिल्या हंगामात मी कोवळ्या रोपांची पाने मोठ्या झाडांशी ताडून पाहिली आणि सगळी मोजणी वाया गेली, कारण लागवडीच्या टोमॅटोत चौथ्या प्रकारचे केस बीजपत्रांवर आणि सुरुवातीच्या पानांवर असतात, नंतरच्या पानांवर सहसा नसतात.

संकरासाठी लव स्पष्टपणे वेगळी असलेले दोन सरळ वाण निवडावेत. मादी म्हणून निवडलेल्या झाडावरील, उद्या उमलेल अशी फिकट पिवळी कळी घेऊन चिमट्याने परागकोशांची नळी अलगद काढावी, दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावावेत आणि कळीला रंगीत दोरा बांधावा. पिकलेल्या फळातील बी लावून आलेल्या एका केसाळ रोपाचे स्वपरागित बी पुढच्या हंगामात पेरावे व निदान ८० रोपे तपासावीत.

एकाच प्रभावी जनुकाचा (ज्याची एक प्रतही गुण दाखवायला पुरते) खेळ असेल तर ६० केसाळ व २० विरळ रोपे अपेक्षित असतात. ५५ व २५ आली तरी काय-वर्ग, म्हणजे अपेक्षित व प्रत्यक्ष संख्यांतील तफावतीचे माप, १.६७ येतो, म्हणजे निव्वळ योगायोगाने चालणाऱ्या तफावतीच्या ३.८४ या मर्यादेच्या आत राहतो. ४८ व ३२ आल्यास तो ९.६ होतो आणि एका जनुकाची कल्पना सोडून द्यावी लागते. केसाळ-विरळ अशी वाटणीच करता येत नसेल, तर बहुधा अनेक जनुके गुंतलेली असतात.

येथे एक फसवी जागा आहे. टोमॅटोतील ‘वुली’ जनुकाच्या जुन्या प्रसिद्ध रूपाची एक प्रत रोप लोकरीसारखे करते, पण दोन प्रती आल्यास भ्रूणच मरतो. त्यामुळे प्रमाण ३:१ न येता २:१, म्हणजे ८० रोपांत सुमारे ५३ व २७ येते. ३:१ शी ताडल्यास काय-वर्ग तेव्हा ३.२७ निघतो, म्हणजे मर्यादेच्या आतच, म्हणून ८० रोपांवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. अशा वेळी प्रत्येक केसाळ रोपाचे स्वपरागित बी वेगळ्या ओळीत पेरावे. साध्या प्रभावी जनुकात सुमारे एक तृतीयांश ओळी संपूर्ण केसाळ निघतात. ‘वुली’मध्ये अशी एकही ओळ सापडत नाही.