परीक्षणांचं पान मोजायचं कसं?

इंदूरच्या आमच्या मराठी वाचनालयाच्या त्रैमासिकात पुस्तक परीक्षणाचं पान मी बघते. असं पान तुमच्याकडे असेल, तर त्यात लेखिकांची पुस्तकं किती नि लेखकांची किती, ते वर्षाअखेरी मोजाच. नुसतं चाळून अंदाज येत नाही. दोन-चार ठळक लेखिका डोळ्यांसमोर राहतात आणि सगळं ठीक वाटतं. अमेरिकेत 'विडा' या संस्थेने २०१० सालापासून नामांकित नियतकालिकं अशी मोजायला घेतली, तेव्हा बहुतेक ठिकाणी पुरुषांचंच पारडं जड निघालं.

रेघांची वही घ्या. रकाने असे: पुस्तक, लेखक की लेखिका, परीक्षण कोणी लिहिलं, साहित्यप्रकार, शब्दसंख्या. शब्दसंख्या गाळू नका. पानभर लेख आणि आठ ओळींचा परिचय सारखे नव्हेत. नावाची नुसती आद्याक्षरं असतील तर मलपृष्ठ वाचा, नाहीतर प्रकाशकाला फोन करा.

खरी गोम साहित्यप्रकाराच्या रकान्यात आहे. समजा, वर्षभरात ४० परीक्षणं छापली. ३० इतिहास-चरित्रांची, त्यांत ६ पुस्तकं लेखिकांची. १० कथा-कवितांची, त्यांतही ६ लेखिकांची. एकूण १२, म्हणजे ३० टक्के. इथेच थांबू नका. 'साभार पोच'ची, म्हणजे परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांची, यादी काढा. आलेल्या इतिहास-चरित्रांतही पाचांत एकच लेखिका असेल, तर त्या प्रकारातली निवड रास्त आहे. कथा-कवितेला जागा कमी पडतेय का, ते बघा. पण पोचेतल्या इतिहास-चरित्रांत लेखिका एक तृतीयांश असतील, तर त्यांची चरित्रं कपाटातच राहिली आहेत. ती आधी बाहेर काढा.

"माझी आवडच तशी," असं परीक्षक म्हणतात, आणि ते खरंच असतं. आमच्याकडचे एक काका शिवकालाखेरीज काही हातात घेत नाहीत. त्यांच्या गळ्यात मी कथासंग्रह मारत नाही. मनाविरुद्ध लिहिलेलं परीक्षण त्या लेखिकेवर अन्यायच करतं. "काका, शिवकालच आहे, बाईंनी कागदपत्रं बघून लिहिलंय," म्हणून मी लेखिकेचं पुस्तक पुढे करते. ते नेतात आणि मन लावून लिहितात.

परीक्षण लिहिणाऱ्या बायकांकडे मात्र पाककृती, बालसाहित्य नि कवितासंग्रहच का जावेत? त्यांना काय वाचायचंय ते विचारा. बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंना मी अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक दिलं, तर त्यांनी त्यातल्या तक्त्यांची बेरीजसुद्धा तपासली. समीक्षा हा बायकांचा प्रांत नाही, असं कोणी म्हणालंच तर आपल्याच भागातलं सांगा: १९६१च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे आणि २००१च्या इंदूर संमेलनाच्या विजया राजाध्यक्ष, दोघीही समीक्षक.

छापायला देण्याआधी विशेषणांवर लाल पेन फिरवा. 'हळुवार', 'तरल', 'घरगुती' हे शब्द लेखिकांच्याच वाट्याला येतायत का? तसं दिसलं की परीक्षकाला फोन करून विचारा, "हे कोणत्या पानावरून म्हणालात?" पान सांगता आलं तर ते वाक्य उताऱ्यासकट छापा, नाहीतर शब्द काढून टाका.