हसू सुधारण्यासाठी दातांच्या उपचारांचा क्रम असा ठरवावा

लग्नाची तारीख जवळ आली की दात पांढरेशुभ्र करून घेण्याची घाई सुरू होते आणि या घाईत उपचारांचा क्रम चुकतो. समारंभाच्या किमान दोन-तीन महिने आधी सुरुवात करावी आणि एक नियम पाळावा: ज्यात दात कोरावा लागत नाही तो उपचार आधी, आणि एकदा केल्यावर ज्यातून माघार घेता येत नाही तो सर्वांत शेवटी.

पहिल्या भेटीत कीड आणि हिरड्या तपासून घ्याव्यात व स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेले कीटण काढणे, करून घ्यावे. चहा, तंबाखू आणि मशेरीचे बरेचसे डाग पृष्ठभागावरच असतात आणि स्केलिंग-पॉलिशिंगने निघून जातात. स्केलिंगने दात हलू लागतात हा समज निराधार आहे. कीटणाच्या थराखाली दडलेली, आधीच खाली सरकलेली हिरडी उघडी पडते, म्हणून तसे भासते.

उरलेला डाग कशाचा आहे, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. चंद्रपूर किंवा यवतमाळच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे लहानपणी दात घडत असतानाच इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. अशा दातांवर नुसते ब्लीचिंग (रसायनाने दात उजळवणे) केले तर पांढरे ठिपके सुरुवातीला अधिकच उठून दिसू शकतात. मार लागून एकच दात काळवंडला असेल, तर आधी त्याची नस जिवंत आहे का ते पाहावे लागते.

ब्लीचिंग दोन प्रकारे होते. दवाखान्यात 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, तर घरी आपल्या दातांच्या मापाच्या ट्रेमधून साधारण 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल दोनेक आठवडे रात्री लावतात. समारंभाला अवकाश असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण त्यात दात ठणकण्याचा त्रास सहसा कमी होतो. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी मात्र ब्लीचिंग पुढे ढकलावे. लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय तर कुणीही करू नये. आम्लाने झिजलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही.

जुन्या कॅप आणि सिमेंटचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, त्यामुळे समोरच्या दाताची कॅप बदलायची असेल, तर आधी ब्लीचिंग करावे आणि साधारण दोन आठवडे थांबावे. तेवढ्या काळात रंग स्थिरावतो आणि दातात अडकलेला ऑक्सिजन निघून गेल्याने कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, हेही नीट चिकटते. नवा रंग भेटीच्या सुरुवातीलाच, खिडकीजवळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून ठरवावा, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात.

दातांमधील लहान फट किंवा तुटलेला कोपरा कंपोझिटने भरून निघत असेल, तर व्हिनिअरच्या, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायच्या पातळ कवचाच्या, वाटेला जाऊ नये. व्हिनिअरसाठी बहुधा अर्धा मिलिमीटरच्या आसपास इनॅमल कोरावे लागते आणि पुढे आयुष्यभर तो दात कशाने तरी झाकलेलाच ठेवावा लागतो. म्हणून कोरण्याआधी दातांवर तात्पुरता मॉक-अप (नियोजित आकाराचा नमुना) लावून घ्यावा, आरशासमोर 'फोन' म्हणून पाहावे आणि वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकीच टेकते की रुतते, हे तपासावे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही याच वेळी सांगावी, म्हणजे व्हिनिअरबरोबर रात्री घालण्याचा नाइट गार्डही करून मिळेल.