किडनीच्या अपिलाआधी टेबलावर काय काय हवं

सगळ्यात आधी निकालपत्र काढा आणि वरची तारीख बघा. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने, म्हणजे सगळे ज्याला नुसतं व्हीए म्हणतात त्याने, किडनीच्या आजारासाठी तुम्ही केलेला भरपाईचा दावा फेटाळला किंवा रेटिंग, म्हणजे आजाराच्या तीव्रतेचे टक्के, कमी दिलं, तर पुढची पायरी चढायला त्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. हे वर्ष पाळलं आणि पुढे निकाल आपल्या बाजूने लागला, तर थकबाकी सहसा मूळ दाव्याच्या तारखेपासून धरली जाते. वर्ष हुकलं तरी पुन्हा दावा करता येतो, पण मधल्या वर्षांचे पैसे बुडाले असं समजा. तारखेला लाल गोल केला की पत्र शेवटपर्यंत वाचा. 'नामंजूर' दिसलं की लोक पत्राची घडी घालून ठेवतात आणि आतला अनुकूल निष्कर्षांचा भाग तसाच राहतो. त्यात लिहिलेलं असतं की किडनीचा आजार आहे हे मान्य, मधुमेह सैन्यातल्या सेवेमुळे हेही मान्य, दोघांचा संबंध मात्र अमान्य. जे मान्य झालं ते पुढच्या अधिकाऱ्यालाही सहसा मानावंच लागतं, ते पुन्हा सिद्ध करत बसू नका. भांडण नेमकं कुठे उरलंय ते एका ओळीत लिहून तो कागद फाइलच्या वर लावा. मी आठवड्यातून दोन दिवस अशा फाइली लावून द्यायला बसते. जाडजूड फाइलीत आजाराचे पुरावे ढीगभर आणि संबंधाचा कागद एकही नाही, हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी आधी तोच कागद शोधते.

मग सी-फाइल मागवा, म्हणजे तुमच्याबद्दल व्हीएकडे जे काही आहे त्याची पूर्ण प्रत. ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच टाका. आली की सेवाकाळातले वैद्यकीय कागद वेगळे काढा आणि लघवीच्या तपासण्या एकेक करून बघा. एका गृहस्थांच्या निवृत्तीच्या तपासणीत, फिकट पडलेल्या कार्बन प्रतीवर, 'प्रोटीन' शब्दापुढे हाताने '१+' लिहिलेलं होतं, म्हणजे लघवीतून प्रोटीन जात होतं. पुढे कुणी तपासणी केली नाही, त्यांना कुणी सांगितलंही नाही. एवढ्यावर दावा जिंकता येत नाही, पण तज्ज्ञ डॉक्टरला धरायला दोरी मिळाली.

आता संबंधाचा कागद. किडनी थेट सेवेत बिघडली असं दाखवता येणारे थोडेच. बहुतेकांची वाट आडवळणाची असते. आधी सेवेशी जोडलेला दुसरा आजार, आणि त्याच्यामुळे किडनी. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांसाठी टाइप-२ मधुमेह एजंट ऑरेंजमुळे, म्हणजे युद्धात फवारलेल्या तणनाशकामुळे, झाल्याचं गृहीत धरतात. १० ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने, म्हणजे विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने, त्या यादीत उच्च रक्तदाबही आला. पूर्वी रक्तदाबावर अडलेल्या किडनीच्या फाइली म्हणूनच पुन्हा उघडून बघण्यासारख्या आहेत. तिसरी वाट वेदनाशामक गोळ्यांची. गुडघा किंवा पाठ सेवेत गेली आणि त्यासाठी वर्षानुवर्षं आयबुप्रोफेन खाल्लं, तर गोळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या जमवा. ८०० मिलिग्रॅमच्या या गोळीला सैन्यात गमतीने 'रेंजर कँडी' म्हणतात. किडनीला ती गंमत कळत नाही. कॅम्प लेजून या मरीन सैन्याच्या तळावरच्या दूषित पाण्याचा मुद्दा असेल तर जपून. ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ या काळात तिथे किमान ३० दिवस सेवा केलेल्यांसाठी गृहीत धरलेल्या आजारांत किडनीचा कर्करोग आहे. किडनी हळूहळू निकामी होणं त्यात नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

यातली कुठलीही वाट धरा, डॉक्टरचं नेक्सस लेटर, म्हणजे हा संबंध सांगणारं पत्र, लागतंच, आणि शक्यतो ते किडनीतज्ज्ञाचं असावं. त्यात 'असू शकेल', 'नाकारता येत नाही' असे शब्द असले तर पत्र परत पाठवा, ते फुकट जातं. संबंध असण्याची शक्यता निदान ५० टक्के आहे, हे स्पष्ट हवं आणि त्याखाली कारणं हवीत. फाइल वाचली का, वय किंवा इतर आजार हे कारण का नाही, हेही यायला हवं. एक प्रश्न डॉक्टरही विसरतात. मधुमेहाने किडनीचा आजार 'निर्माण केला' का आणि 'वाढवला' का, ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही पत्रात लागतात.

संबंध मान्य होऊनही भांडण टक्क्यांचं असेल तर रक्ताचे अहवाल तारखेनुसार लावा. १४ नोव्हेंबर २०२१ पासून किडनीचं रेटिंग मुख्यतः जीएफआरवर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्या आकड्यावर, चालतं. ४५ ते ५९ असेल तर ३० टक्के, ३० ते ४४ ला ६०, १५ ते २९ ला ८० आणि १५ च्या खाली १००. नियमित डायलिसिस असेल किंवा ट्रान्सप्लांटसाठी पात्र ठरला असाल तरीही १००. मेख अशी की तो आकडा मागच्या १२ महिन्यांत सलग किमान तीन महिने राहिलेला दिसावा लागतो. मार्चमध्ये एक आणि एप्रिलमध्ये एक अहवाल असला की तीन महिने भरत नाहीत, मग डॉक्टरला सांगून जूनचा करून घ्या. जीएफआर ६० च्या वर असून लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन जात असेल तर शून्य टक्के मिळू शकतात. शून्याला नाक मुरडू नका. आजार सेवेशी जोडला गेला, पुढे वाढला की टक्के वाढवून मागता येतात. रक्तदाबाचं रेटिंग सहसा किडनीतच धरलं जातं, पण नियमित डायलिसिस सुरू झालं की ते वेगळं मागता येतं. हे मागायचं राहून जातं.

घरच्यांचं निवेदन जोडा. पायावर सूज कधीपासून, लघवीला फेस कधी दिसला, रात्री कितीदा उठावं लागतं, हे बायको सांगू शकते. निदान तिने करू नये.

मग मार्ग निवडा. नवा पुरावा हातात असेल तर पुरवणी दावा, फॉर्म २०-०९९५. व्हीएने असलेलाच पुरावा चुकीचा वाचला असेल तर वरिष्ठांकडून फेरतपासणी, २०-०९९६. तिथे नवा कागद चालत नाही. मी एकदा घाईत याच फॉर्मसोबत उत्तम नेक्सस लेटर जोडून दिलं. ते कुणी वाचलंही नाही, आणि पुरवणी दावा करून सगळं पुन्हा सुरू करावं लागलं. तिसरा मार्ग थेट अपील मंडळाचा, फॉर्म १०१८२. त्यात नुसता फेरविचार, पुराव्यासह, किंवा सुनावणी असे पर्याय आहेत. पुराव्याचा पर्याय घेतला तर फॉर्म पोहोचल्यापासून ९० दिवसांत सगळं द्यायचं. मंडळाकडे रांग मोठी असते. वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा आजार गंभीर असेल तर आपलं प्रकरण आधी घ्या असा लेखी अर्ज करता येतो. डायलिसिसवरच्या माणसाने तो केलाच पाहिजे.

मदतीला माणूस घेताना व्हीएची मान्यता आहे का ते बघा. माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी पैसे घेत नाहीत, आणि पहिल्या निकालाआधीच फी मागणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. दावेदाराचं मधेच काही झालं तर जोडीदाराला एक वर्षाच्या आत त्याच्या जागी उभं राहता येतं. विषय अवघड आहे, पण घरात आत्ताच बोलून ठेवा.

व्हीएच्या वैद्यकीय तपासणीचं किंवा सुनावणीचं पत्र आलं की ते डायलिसिसच्या दिवसांशी ताडून बघा. मंगळ, गुरू, शनी डायलिसिसच्या खुर्चीत असाल तर पत्र आलं त्याच दिवशी फोन करून तारीख बदलून मागा. न सांगता चुकवलेली तपासणी फाइलमध्ये फक्त 'गैरहजर' म्हणून लिहिली जाते.